उतारवयातील मज्जारज्जूची दुखापत : पुनर्वसनात वय किती आड येते?

उतारवयात घरातल्या घरात पडणे ही आपल्याकडे फारशी गांभीर्याने न घेतली जाणारी बाब आहे. ओल्या मोरीत पाय घसरतो, रात्री लघवीला उठताना तोल जातो, स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढताना घात होतो. खुब्याचे हाड मोडले तर ते एक्स-रेमध्ये दिसते आणि उपचारांची दिशाही ठरते. मात्र एकही हाड न मोडता मानेतील मज्जारज्जूला इजा होऊ शकते, हे अनेक कुटुंबांना ती झाल्यावरच कळते. शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभागातील दिवस पार पडल्यावर घरच्यांच्या कानावर एक वाक्य हमखास येते, ‘आता वय झाले, घरी न्या, सेवा करा.’ उतारवयातील मज्जारज्जूच्या दुखापतीत वय हा अडथळा आहे, यात शंका नाही. परंतु तो नेमका कोठे आणि किती आड येतो, हे पाहिल्यास वरील सल्ला बऱ्याचदा घाईचा ठरतो.

दुखापत कशी होते?

मज्जारज्जू मेंदूपासून निघून पाठीच्या कण्यातील पोकळीतून कमरेच्या वरच्या मणक्यापर्यंत उतरतो. त्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर. हालचालींचे आदेश खाली नेणे, संवेदना वर पोचवणे आणि मूत्राशय, आतडी, रक्तदाब यांचे नियंत्रण राखणे ही त्याची कामे. इजा जितकी वर, तितका शरीराचा अधिक भाग निकामी होतो. मानेत इजा झाल्यास हात-पाय दोन्ही, तर छाती वा पाठीच्या पातळीवर झाल्यास कमरेखालचा भाग दुबळा किंवा लुळा पडतो.

तरुणांत वाहनांचे अपघात आणि उंचावरून पडणे ही प्रमुख कारणे आहेत. साठीनंतर मात्र जमिनीच्या पातळीवर, उभ्या उंचीवरून पडणेही पुरते. वयानुसार मानेच्या मणक्यांची झीज होऊन मज्जारज्जूची पोकळी आधीच अरुंद झालेली असते. अशा माणसाची हनुवटी पुढे आपटून मान एकदम मागे वाकली, की मज्जारज्जू मधोमध चिरडला जातो. यातून उद्भवणाऱ्या लक्षणसमूहाचे वर्णन अमेरिकी शल्यचिकित्सक श्नायडर यांनी १९५४ मध्ये केले. ‘सेंट्रल कॉर्ड सिंड्रोम’ या नावाने तो ओळखला जातो. यात पायांपेक्षा हात अधिक दुबळे होतात. रुग्ण कालांतराने चालू लागतो, पण सदऱ्याचे बटण त्याला लावता येत नाही. याखेरीज मणक्यांचा क्षयरोग, कर्करोगाच्या गाठी आणि मानेच्या झिजेमुळे हळूहळू पडणारा दाब ही उतारवयातील अन्य कारणे होत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटींहून अधिक लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. अमेरिकेतील नोंदींनुसार १९७० च्या दशकात अशा रुग्णांचे दुखापतीच्या वेळचे सरासरी वय २९ होते. २०१५ नंतर ते ४३ च्या आसपास गेले आहे. समाजाचे आयुर्मान वाढते, तसा हा रुग्णही वयस्कर होत आहे.

दोन ऱ्हास, एकाच शरीरात

वृद्ध रुग्णाची अडचण अशी, की त्याच्या शरीरात स्नायूंचा ऱ्हास दोन बाजूंनी होतो. पहिला वयाचा. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे ३ ते ८ टक्के वस्तुमान घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. या वयोपरत्वे होणाऱ्या क्षयाला अमेरिकी पोषणतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची तूट. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषाच्या मुठीची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी भरली, तर स्नायूंची ताकद घटल्याचे समजावे.

दुसरा ऱ्हास दुखापतीचा. मज्जारज्जूकडून येणारे आदेश थांबले, की इजेच्या पातळीखालचे स्नायू पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने सुकू लागतात. दीर्घकाळ तग धरणारे स्नायुतंतू हळूहळू लवकर थकणाऱ्या तंतूंत बदलतात आणि स्नायूंच्या जागी चरबी साठते. त्यामुळे वजनकाटा तेवढेच वजन दाखवत असतानाही आतील स्नायू मात्र निम्मे झालेले असू शकतात.

यात तिसरी भर पडते ती अंथरुणाची. २००७ मध्ये अमेरिकेत निरोगी ज्येष्ठांवर झालेल्या एका प्रयोगात केवळ दहा दिवस अंथरुणात पडून राहिल्याने पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार घटल्याचे आढळले. या माणसांना कोणताही आजार नव्हता. मग मानेची शस्त्रक्रिया झालेल्या, भूक मंदावलेल्या आणि तापाने ग्रासलेल्या सत्तरीच्या रुग्णाचे तीन आठवड्यांत काय होत असेल, याची कल्पना करता येते. इजा न झालेले, म्हणजे शाबूत नस असलेले स्नायूही या काळात खंगतात. पुढे ज्यांच्या बळावर उठून बसायचे, तेच हात-खांदे कमजोर होतात.

नसा सुधारतात, मग अडते कोठे?

दुखापतीची तीव्रता ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच श्रेणींत मोजली जाते. ‘ए’ म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या भागातही संवेदना वा हालचाल नसलेली पूर्ण इजा. ‘ई’ म्हणजे सामान्य स्थिती. वृद्धांत पडण्यामुळे होणाऱ्या इजा पुष्कळदा अपूर्ण, म्हणजे ‘सी’ किंवा ‘डी’ श्रेणीच्या असतात. अशा इजेत काही ना काही सुधारणेला वाव राहतो.

युरोपातील अनेक केंद्रांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष या संदर्भात महत्त्वाचा आहे. स्नायूंना पुन्हा मिळू लागणारे आदेश, म्हणजे मज्जातंतूंच्या पातळीवरील सुधारणा, वृद्धांत आणि तरुणांत बरीचशी सारखी आढळली. फरक पडला तो या सुधारणेचे रोजच्या कामात रूपांतर करण्यात. नस तेवढीच जागी झाली, तरी तरुण रुग्ण त्या बळावर खुर्चीत बसला, चालला, आंघोळ करू लागला. वृद्ध रुग्णाला ते तितके साधले नाही.

याचा अर्थ असा, की वय प्रामुख्याने आड येते ते नसांच्या नव्हे, तर स्नायू, हृदय-फुप्फुसे, सांधे आणि तोल यांच्या मार्गाने. मज्जारज्जूची इजा भरून आणणारे औषध आजही उपलब्ध नाही. स्नायूंचा क्षय मात्र काही प्रमाणात रोखता आणि भरून काढता येतो. वृद्धांच्या पुनर्वसनाची सारी मांडणी या फरकावर उभी आहे.

नव्वदीतही स्नायू वाढतो

वृद्ध स्नायू व्यायामाला प्रतिसाद देतो का, या प्रश्नाचे उत्तर १९९० मध्येच मिळाले आहे. बोस्टन येथील मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातील दहा जणांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मांडीच्या स्नायूंचा आकारही सुमारे ९ टक्क्यांनी वाढला. हे रुग्ण मज्जारज्जूच्या इजेचे नव्हते, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा त्यांना लागू करता येणार नाही. परंतु ज्या स्नायूंची नस शाबूत आहे, त्यांच्यासाठी नव्वदी हीदेखील सबब नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

पुनर्वसनाची सुरुवात रुग्णालयातील पहिल्या दिवसांतच व्हावी, असे मानले जाते. निकामी हात-पाय हलवून सांधे आखडू न देणे, दीर्घ श्वसन आणि खोकण्याची मदत, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून खबरदारी हे पहिले टप्पे. त्यानंतर बसवणे येते. उभे किंवा बसते करताच रक्तदाब कोसळून घेरी येणे ही येथील नेहमीची अडचण. उच्च रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या तशाच चालू असतील, तर ती अधिकच बळावते. त्यामुळे पलंगाची डोक्याकडची बाजू हळूहळू उचलणे, ‘टिल्ट टेबल’वर बांधून कोन वाढवत नेणे, पोटाला पट्टा आणि पायांत घट्ट मोजे वापरणे असा क्रम असतो.

पुढील टप्प्यात हात, खांदे आणि धड यांना बळ देणारे व्यायाम, पलंगावरून खुर्चीत सरकणे, तोल सांभाळणे आणि शक्य तेथे आधाराने चालणे यांचा समावेश होतो. तरुणाला दिवसातून सलग दोन तास व्यायाम झेपत असेल, तर वृद्धाला तोच वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत द्यावा लागतो. इजेखालील नस शाबूत असल्यास विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आकुंचित करण्याचे तंत्रही उपयोगी पडते. मात्र पेसमेकर बसवलेल्यांना ते सहसा वर्ज्य असते.

खांद्यांचा प्रश्न येथे विशेष जपावा लागतो. पाय गेल्यावर खांदा हेच शरीराचे वजन उचलणारे साधन बनते आणि वृद्धाच्या खांद्याचे स्नायुबंध आधीच झिजलेले असतात. हाताने चाके ढकलण्याचा आग्रह धरून खांदाही गमावण्यापेक्षा बॅटरीवरील खुर्ची, सरकफळी किंवा उचलयंत्र लवकर स्वीकारणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. लुळ्या पायांची हाडे ठिसूळ होतात आणि खुर्चीत बसवताना पाय पिळला गेला, तरी गुडघ्याजवळ हाड मोडू शकते, याचेही भान ठेवावे लागते.

ताटातील प्रथिने

व्यायामाला आहाराची जोड नसेल तर स्नायू वाढत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. आजारी वा दुखापतग्रस्त ज्येष्ठांसाठी मात्र २०१३ मधील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने १.२ ते १.५ ग्रॅमची शिफारस केली आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या रुग्णाला रोज ७२ ते ९० ग्रॅम.

मराठी घरांत आजारी वृद्धासाठी शिजतो तो मऊ भात, पातळ वरण, दूध-पोळी किंवा साबुदाण्याची खीर. हे अन्न पचायला हलके असले, तरी त्यातून एवढी प्रथिने मिळत नाहीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, एक पेला दुधात ६ ते ७ ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढीच प्रथिने असतात. त्यामुळे अंडी, मासे, पनीर, दही, सोयाबीन, उसळी यांची प्रत्येक जेवणात विभागणी करावी लागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायला हवे. मानेच्या इजेनंतर गिळण्यास त्रास होत असेल, तर त्याची तपासणी आधी व्हावी. अन्यथा घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो.

त्वचा, मूत्राशय आणि रक्तदाब

संवेदना नसलेल्या त्वचेवर सतत दाब पडल्यास माकडहाड, खुबे आणि टाचा येथे शय्याव्रण होतात. वृद्धांची त्वचा पातळ असल्याने ते लवकर होतात आणि सावकाश भरतात. एक खोल व्रण रुग्णाला अनेक आठवडे पुन्हा अंथरुणात टाकतो आणि व्यायामाने कमावलेले सारे गमावले जाते. पलंगावर साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे आणि खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वा बाजूला झुकून दाब हलका करणे, हा त्यावरील साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

मूत्राशय रिकामे करण्यासाठी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून काढण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रूढ झाली. वृद्धांत बोटांची कमजोरी, मंद दृष्टी आणि पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी यांमुळे ते स्वतःला जमतेच असे नाही. अशा वेळी घरच्या व्यक्तीला हे तंत्र शिकवणे किंवा ओटीपोटातून नळी बसवणे हे पर्याय असतात. शौचाची वेळ ठरवून घेणे, तंतुमय आहार आणि पुरेसे पाणी यांनी बद्धकोष्ठता आटोक्यात राहते.

छातीच्या सहाव्या मज्जाखंडाच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना एक तातडीचा धोका संभवतो. मूत्राशय तुंबणे, नळी दुमडणे किंवा शौच अडणे यांमुळे रक्तदाब अचानक वाढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. या रुग्णांचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० असू शकतो. त्यामुळे १४० हा आकडा इतर वृद्धांत विशेष नसला, तरी येथे धोक्याची सूचना असतो. रुग्णाला ताबडतोब उठवून बसवणे, पाय खाली सोडणे, कपडे सैल करणे, नळी आणि मूत्राशय तपासणे आणि दाब न उतरल्यास रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

हताशेचा जुना इतिहास

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूची इजा झालेला तरुण सैनिकही वाचत नसे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग त्याला संपवत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची स्वच्छता, काम आणि खेळ या चार गोष्टींच्या जोरावर ही समजूत मोडून काढली. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी भरवलेल्या स्पर्धांतून पुढे पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी याच चळवळीत १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. मेरी वर्गीस यांनी या कामाचा पाया घातला. अपघातात पाय लुळे पडल्यावरही त्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करीत. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून, तर पुण्यात खडकी येथील पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून सैनिकांसाठी कार्यरत आहे. दिल्लीतील इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर हे एव्हरेस्टवीर मेजर एच. पी. एस. अहलुवालिया यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. तरुण रुग्णाबाबत एकेकाळी जी हताशा सार्वत्रिक होती, ती अशा संस्थांमुळे मागे पडली. वृद्ध रुग्णाबाबत ती अद्याप पुरती गेलेली नाही.

घर, सोबती आणि खर्च

वृद्धासाठी पुनर्वसनाचे उद्दिष्ट पुन्हा चालणे हेच असेल असे नाही. स्वतःच्या हाताने जेवणे, एका माणसाच्या मदतीने खुर्चीत बसणे, दिवसाचे सहा तास अंथरुणाबाहेर घालवणे हीदेखील मोठी उद्दिष्टे आहेत. पलंगावरून उतरवायला दोन माणसे लागतात की एक, यावर रुग्णाला घरी ठेवता येईल की नाही, हे अनेकदा ठरते. सेवा करणारी व्यक्ती बहुधा पत्नी असते आणि तिचेही वय साठीपुढचे असते. तिची कंबर आणि तिची झोप यांचाही विचार आराखड्यात व्हायला हवा. रुग्णाच्या मनाची उदासी ‘वयामुळे असायचीच’ म्हणून सोडून दिली जाते. वस्तुतः तिच्यावर उपचार होऊ शकतात आणि ते न झाल्यास व्यायामही थांबतो.

घरात उंबरठे काढणे, दरवाजा सुमारे ९० सेंटिमीटर रुंद करणे, कमोड आणि भिंतीला धरायला दांडे बसवणे, एका फुटाच्या उंचीला किमान बारा फूट लांबीचा उतार ठेवणे हे बदल उपयोगी पडतात. जुन्या चाळीत किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी तळमजल्याची जागा भाड्याने घेणे हाच कधी कधी खरा उपचार ठरतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अशा रुग्णास अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळू शकते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना सहाय्यक साधने देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना ७० वर्षांवरील सर्वांना खुली करण्यात आली. तथापि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा आणि आयाचा दीर्घकालीन खर्च बहुतांशी कुटुंबालाच सोसावा लागतो.

याच टप्प्यावर स्टेम सेलच्या महागड्या उपचारांची आमिषे समोर येतात. देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मज्जारज्जूच्या इजेवर असा उपचार केवळ मान्यताप्राप्त संशोधन चाचणीतच करता येतो आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेणे अपेक्षित नाही. त्यासाठी दागिने मोडण्यापेक्षा तीच रक्कम सहा महिन्यांचा नियमित व्यायाम, चांगली गादी आणि योग्य मापाची खुर्ची यांवर खर्च करणे अधिक फलदायी ठरते.

रुग्णालयातून घरी नेताना विचारावयाचे प्रश्न

* इजा पूर्ण आहे की अपूर्ण, आणि तिची श्रेणी कोणती?
* कोणते स्नायू शाबूत आहेत आणि त्यांच्यासाठी कोणता व्यायाम, किती वेळा?
* रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब किती? रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या का?
* रोज किती प्रथिने द्यायची? मूत्रपिंडे ठीक आहेत का?
* नळी घालणे, कूस बदलणे आणि खुर्चीत बसवणे घरच्यांना प्रत्यक्ष करून शिकवले का?
* पुढील तीन महिन्यांचे उद्दिष्ट काय, आणि ते कोण तपासणार?

यातील शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर पुनर्वसन विभाग असलेल्या दुसऱ्या रुग्णालयाचे मत घ्यावे. अपूर्ण इजेतील सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत घडतो. त्यामुळे रुग्णाचे वय सांगून हा काळ वाया घालवणे त्याला परवडणारे नसते.